पहिल्या पिढीचा एआर चष्मा वापरून बघितला: जमलंय काय, फसलंय काय

ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबा: रोज घालायला घेऊ नका, कुणाकडून वापरायला मिळाला तर मात्र सोडू नका. बाकीच्यांनी पुढे वाचा, लांबण लागणार आहे.

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, तुमच्या खऱ्या खोलीत नसलेल्या वस्तू दाखवणं. चष्मा म्हणतोय खरा पण हे धूड हेल्मेटच्या जवळ जाणारं आहे. 2016 च्या आसपासची पिढी, डोक्याभोवती पट्टा, मागे आवळायचं चाक, समोर गडद काच आणि सगळा कॉम्प्युटर कपाळावरच, त्यामुळे वायर कुठेच नाही. ऑफिसात एका टीमने प्रयोगासाठी घेतला होता, मग प्रोजेक्ट गुंडाळला आणि हा कपाटात पडून राहिला, तो मी मागून घेतला. मॉडेलचं नाव घेत नाही कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या निम्म्याअधिक त्या काळातल्या सगळ्याच चष्म्यांना लागू पडतात, एकाच कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच भारी आहे. टेबलावर इंजिनाचं एक थ्रीडी मॉडेल ठेवलं आणि त्याच्याभोवती फिरलो, वाकून खालून बघितलं, दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आलो, मॉडेल तिथेच. दुसऱ्या दिवशी चष्मा चालू केला तरी तिथेच, टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर. फोनवर एआर बघितलेल्यांना यात काय विशेष वाटणार नाही, पोकेमॉन गो 2016 लाच येऊन गेलं आणि 2017 मध्ये एआरकिट हे ॲपलचं एआर तंत्र आल्यावर तर बऱ्याच आयफोनवर खुर्च्या टेबलं मांडून बघता यायला लागली. पण फोनमध्ये तुम्ही स्क्रीनकडे बघत असता आणि खोली त्या स्क्रीनमध्ये असते, इथे खोली तुमची स्वतःची, डोळे तुमचे स्वतःचे आणि त्यात एक नसलेली वस्तू चक्क उभी. मेंदू पाच मिनिटांत ते मान्य करून टाकतो. मी टेबलाजवळून जाताना त्या इंजिनाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत होतो, आता बोला.

हे एका जागी टिकवणं हाच या सगळ्या प्रकारातला अवघड भाग आहे. 1968 साली आयव्हन सदरलँड या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने जे डोक्यावरचं यंत्र बनवलं त्यात डोकं कुठे वळलंय हे कळण्यासाठी छताला लटकवलेला यांत्रिक दांडा होता आणि दिसायचं काय, तर रेषारेषांचा क्यूब. आता तेच काम कपाळावरचे छोटे कॅमेरे करतात, खोलीतले कोपरे, फ्रेमच्या कडा, लाकडाच्या रेघा असे ठळक ठिपके पकडून ठेवतात आणि जायरो आणि ॲक्सिलरोमीटर या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची माहिती जोडून सेकंदाला कितीतरी वेळा हिशोब करतात की डोकं नेमकं कुठे आहे. म्हणून ठिपके मिळाले नाहीत की गाडी घसरते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहिलो तर इंजिन हळूहळू सरकायला लागलं, दिवे मालवले तर 'जागा सापडत नाही' म्हणून मेसेज. आरसा हा तर याचा शत्रूच, आरशाच्या आत आणखी एक खोली आहे अशी त्याची ठाम समजूत होते. खोलीची जाळी दाखवायचा एक मोड आहे, त्यात सोफा, टेबल, पडदे सगळ्यावर बारीक त्रिकोणांचं जाळं पसरताना दिसतं, ते बघत बसायलाच मजा येते, पण टीव्हीच्या काळ्या स्क्रीनच्या जागी नुसतं भोक, कारण डेप्थ कॅमेरा, म्हणजे अंतर मोजणारा कॅमेरा, इन्फ्रारेड सोडतो आणि तो काळ्या चकचकीत पृष्ठभागावरून धड परत येत नाही.

आता मुख्य रड. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे चष्म्यातलं चित्र नजरेच्या किती भागात दिसतं ते.

जाहिरातींचे व्हिडिओ बघून वाटतं अख्खी खोली होलोग्रामनी भरलीये. प्रत्यक्षात समोर मधोमध एक आडवा चौकोन असतो आणि त्यातच काय ते दिसतं, चौकोनाबाहेर तुमची साधी खोली. पहिल्या होलोलेन्सचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्याचं, हे क्षेत्र साधारण 30 अंश रुंद आणि साडेसतरा अंश उंच होतं. अंदाज हवा असेल तर 15 इंची लॅपटॉपचा स्क्रीन हातभर लांब धरा, तेवढंच. आणि माणसाला दोन डोळ्यांनी मिळून आडवं जवळपास 200 अंश दिसतं. भाचीला चष्मा लावून दिला, समोर माणसाएवढा अंतराळवीर उभा केला होता, तिला वाटलं मी काहीतरी बिघडवलंय.

"मामा, याचे पाय कुठायत?"

"खाली बघ ना."

"आता पाय दिसले पण डोकं गेलं!"

यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही. लांब जाऊन बघितलं तर पूर्ण दिसतो, पण मग त्याच्याजवळ जायची जी गंमत होती तीच जाते. वर सांगितलं ना की वस्तू जागेवर राहते, त्याचा सगळा परिणाम ही कड येऊन कापून टाकते, डोळ्याच्या कोपऱ्यातून ती वस्तू दिसतच नाही, म्हणजे मेंदूला जे पटलेलं असतं ते मान वळवली की लगेच खोटं पडतं. नंतरच्या पिढीत सुधारणा झाली, मॅजिक लीप कंपनीच्या मॅजिक लीप वन या चष्म्यात तिरकं मोजून 50 अंश आणि होलोलेन्स 2 मध्ये 52, पण 200 पुढे ते काय. आणि नुसतं मोठं करा म्हणून होत नाही. प्रकाश काचेच्या पातळ पट्टीत आतल्या आत उसळ्या मारत डोळ्यापर्यंत आणायचा असतो आणि कुठल्या कोनातून किती प्रकाश आत अडकून राहील याला त्या काचेच्या अपवर्तनांकाची (काच प्रकाश किती वळवते त्याची) मर्यादा आहे. वर तेवढेच पिक्सेल जास्त जागेत पसरले की अक्षरं फाटायला लागतात ते वेगळंच.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती म्हणजे यात काळा रंग नसतो. काच पारदर्शक, ती फक्त खोलीच्या प्रकाशात आपला प्रकाश वर टाकू शकते, आहे तो कमी करू शकत नाही, त्यामुळे काळा म्हणजे पूर्ण पारदर्शक. काळी मांजर दाखवली तर दोन डोळे हवेत तरंगतात. सावली पण नीट पडत नाही आणि सावली नसली की वस्तू जमिनीवर टेकलीये का अधांतरी आहे ते कळत नाही. दिवसा खिडकीसमोर उभं राहिलं की सगळं फिकं भुतासारखं आणि बाहेर उन्हात तर विषयच संपला, म्हणूनच समोरची काच एवढी गडद करून ठेवलीये. त्यात मान पटकन फिरवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल हिरवे निळे फराटे दिसतात, कारण तिन्ही रंग एकदम न दाखवता एकामागून एक दाखवले जातात. काही जणांना ते अजिबात जाणवत नाहीत, मला एकदा दिसले आणि मग दिसतच राहिले.

डोळ्यांचं म्हणाल तर अर्धा पाऊण तास ठीक, मग भुवयांच्या मध्ये जडपणा. वस्तू जवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात, पण लेन्सचा फोकस मात्र ठरलेल्या अंतरावरच, होलोलेन्समध्ये तो साधारण 2 मीटरवर ठेवलेला आहे. डोळे सांगतात वस्तू हातभर लांब आणि फोकस सांगतो दोन मीटर लांब, या भांडणात कपाळ दुखतं. मॅजिक लीप वनने यासाठी जवळचा आणि लांबचा असे दोन फोकस दिले होते, आयडिया बरोबर होती. तोपर्यंत उपाय एवढाच की वस्तू दीड दोन मीटरच्या आसपास ठेवा आणि वाचायचा मजकूर तोंडाजवळ ओढू नका. आणि डोळ्यांतलं अंतर सेट केल्याशिवाय एक मिनिटही वापरू नका, दुसऱ्याच्या मापावर घातला तर सगळं किंचित चुकीच्या जागी दिसतं आणि तुम्हाला कळतही नाही का मळमळतंय. नंबरचा चष्मा आत मावतो पण जेमतेम.

वजन. पहिला होलोलेन्स 579 ग्रॅम, माझ्याकडचाही त्याच वर्गातला. साधा नंबरचा चष्मा याच्या पासंगालाही पुरत नाही. सगळा भार पुढे असतो त्यामुळे पट्टा सैल तर नाकावर येतो, आवळला तर कपाळावर लाल वळ. पट्टा थोडा तिरका करून मागचा भाग डोक्याच्या उतारावर खाली बसवायचा, वर कपाळावर टेकवायचा, नाकाला नुसता स्पर्श, असं केलं की बरंच सुसह्य होतं, हे मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवं होतं.

हाताच्या खुणांबद्दल थोडक्यात: बोट वर करायचं, हवेत चिमटा काढल्यासारखं खाली आणायचं, झालं क्लिक. हात कॅमेऱ्यासमोर धरून ठेवावा लागतो त्यामुळे दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि टाइप करणं तर शिक्षा आहे, पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षराकडे मान वळवून चिमटा, चिमटा, चिमटा. बघणाऱ्याला वाटतं हा माश्या पकडतोय.

मग कामाचं काय? इथे मात्र मी थोडा बदललो. ऑफिसच्या नेटवर्क रॅकमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या केबली जोडायच्या कपाटात, एक केबल हलवायची होती, ज्याला त्यातलं कळतं तो सहकारी घरी होता, तर चष्म्यावरून कॉल लावला. त्याला माझ्या डोळ्यासमोरचं दिसत होतं आणि तो त्याच्या स्क्रीनवर बाण काढत होता आणि तो बाण मला रॅकवर चिकटलेला दिसत होता. दोन्ही हात मोकळे, एका हातात टॉर्च, एका हातात केबल. फोनवर हेच केलं असतं तर "वरून तिसरा, नाही नाही, तुझ्या डावीकडून" यात अर्धा तास गेला असता. बाण मारला, मी हात घातला तर तो ओरडला, "अरे तो नाही, त्याच्या शेजारचा!" झालं काय होतं, मी वाकलो तेव्हा बाण साधारण सेंटीमीटरभर सरकला होता आणि शेजारशेजारच्या दोन पोर्टमधलं (केबल खोचायच्या भोकांमधलं) अंतरच दीड सेंटीमीटरच्या आत असतं. म्हणजे कुठला रॅक, कुठला स्विच, कुठली ओळ इथपर्यंत चष्मा बिनचूक, शेवटचं बोट ठेवायला मात्र पोर्टचा नंबर वाचावाच लागतो. मग आम्ही बाणाऐवजी त्याला नंबर लिहायला लावला, एका झटक्यात काम झालं.

गंमत म्हणजे या तंत्राचं नाव रूढ झालं तेच मुळी वायरिंगच्या कामातून. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विमानं बनवणाऱ्या बोईंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे विमानातल्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांना भलेमोठे बोर्ड आणि कागद बघायला लागू नयेत म्हणून सूचना डोळ्यासमोर दाखवायच्या मागे होते. पुढे बोईंगने गूगल ग्लासची चाचणी घेतली तीही वायरिंगसाठीच. तसा गूगल ग्लास म्हणजे माझ्या मते एआर नाहीच, एका डोळ्याच्या वर कोपऱ्यात 640 बाय 360 चा छोटा स्क्रीन, त्याला खोलीची काही कल्पना नसते. पण वजन 50 ग्रॅमच्या आत, त्यामुळे माणसं तो दिवसभर घालू शकायची. रस्त्यावर तो कॅमेऱ्यापायी लोकांच्या डोक्यात गेला, 2015 च्या जानेवारीत सामान्य लोकांना विकणं बंद झालं, पण कारखान्यांसाठीची आवृत्ती 2017 पासून थेट मार्च 2023 पर्यंत विकली जात होती. दिवाणखान्यात अंतराळवीर बघायला कुणी दुसऱ्यांदा चष्मा चढवत नाही, माझ्याकडे आलेल्या एकानेही चढवला नाही, पण हात गुंतलेले असताना समोर सूचना हवी असेल तर माणूस अर्धा किलो डोक्यावर घ्यायला तयार होतो. मी रॅकसाठी आता स्वतःहून काढतो तो बाहेर. बॅटरी नव्यात दोन तीन तास सांगतात, माझ्याकडचा जुना असल्याने तासाभरात मान टाकतो, पण अशा कामाला तासभर पुरतो.

सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर काचा आणि बॅटरीच्याही आधी एक बघा, त्याची मागची सेवा जिवंत आहे का. मॅजिक लीपने पहिल्या चष्म्याच्या क्लाउड सेवा 31 डिसेंबर 2024 ला बंद केल्या, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2 बनवणं 2024 मध्ये थांबवलं, म्हणजे पुढे स्पेअर पार्ट आणि अपडेटची बोंब आलीच. विकणारा चालू करून छान छान डेमो दाखवेल, त्यावर जाऊ नका, त्याला तुमच्यासमोर फॅक्टरी रीसेट मारायला सांगा आणि तुमच्या अकाउंटने पहिल्यापासून सेटअप करून बघा. लॉगिनवर अडकला तर चष्मा परत करा आणि निघा.