बोटीतली गळकी पाण्याची टाकी: डागडुजी करायची की नवी बसवायची?

नळ्या, पंप, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळं तपासून झालंय आणि गळतेय ती टाकीच, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरून चालतो. नळ बंद असताना रात्री पंप मधूनच गुरगुरतो तेव्हा संशय टाकीवर जातो खरा, पण तो बहुतेक वेळा पंपाच्या पुढच्या एखाद्या सैल क्लॅम्पचा प्रताप असतो. टाकी गळायला लागली की पंप गप्पच असतो. पाण्याची पातळी तेवढी न वापरता उतरत जाते आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी असलेल्या खोलगट जागेत, गोडं पाणी साठतं.

माझी टाकी स्टेनलेसची होती, बाकाखाली तळाशी बसवलेली. गळती खालच्या कडेच्या वेल्डिंगला. अशा टाक्या बहुधा तिथूनच जातात, आणि कारणही साधं आहे. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकायला हवा लागते. टाकीचा तळ ओलसर लाकडावर टेकलेला असेल तर त्या फटीत हवा पोहोचत नाही, मिठाचा अंश मात्र पोहोचतो. मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ३१६ दर्जाचा पत्रा ३०४ पेक्षा जास्त तग धरतो, पण अशा फटीत तोही अमर नाही.

डागडुजीचे दोन रस्ते. एक म्हणजे टाकी न हलवता वरच्या झाकणातून हात घालून आतून एपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट लेप, लावणं. पिण्याच्या पाण्याला चालणारं एपॉक्सी मिळतं, आणि पत्रा नीट खरवडून, पूर्ण कोरडा करून लावलं, सुकायला पुरेसा वेळ दिला, तर ते धरतंही. अडचण अशी की हात कोपरापर्यंतच आत जातो आणि भोक असतं पडद्यापलीकडे. (टाकीत पाणी हेलकावू नये म्हणून घातलेले हे आडवे पत्रे एरवी फार गुणाचे!) शिवाय दुखणं बाहेरून, तळाखालून आलेलं, आणि मलम आतून. तळाखालचा ओलावा आहे तिथेच राहतो.

दुसरा रस्ता, टाकी बाहेर काढून वेल्डिंग. चांगला वेल्डर आतल्या बाजूने आर्गॉन वायू सोडून काम करतो. तसं केलं नाही तर जोडाची आतली बाजू जळून खरखरीत होते आणि पुढचा गंज नेमका तिथून सुरू होतो. माझं वेल्डिंग व्यवस्थित झालं होतं, त्या कारागिराला बोल लावणार नाही. तरी पुढे त्याच कडेला, जोडापासून चार बोटांवर, पुन्हा पाझर फुटला.

आणि इथेच माझा निर्णय झाला. गळतीपेक्षा मला छळलं ते बाक उचकटण्याने. स्क्रूंच्या डोक्यांवर लाकडी गुटख्या बसवून वर पॉलिश केलेलं. एकेक गुटखी छिन्नीने उकरायची, खालचा स्क्रू गंजून जाम झालेला असायचा, त्याची खाच घसरली की ड्रिल करून काढायचा. मग फळ्या, मग मधली फ्रेम, मग नळ्या. शेवटी टाकी तिरकी करून केबिनच्या दारातून काढताना चौकटीला पडणारे ओरखडे. कितीतरी बोटींत टाकी आधी बसवतात आणि डेक नंतर चढवतात, तिथे तर ती कापल्याशिवाय निघतच नाही. वेल्डिंग असो वा बदली, ही मेहनत तितकीच. मग एवढं करून जुनाच पत्रा परत आत ठेवायचा, हे माझ्या मनाला पटेना.

नवी घेताना मी एका मोठ्या टाकीऐवजी पॉलिइथिलीनच्या दोन छोट्या घेतल्या. तोटे आहेत. बोटीच्या पोटाचा तिरका आकार त्या भरून काढत नाहीत, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा कमी मावतं. सुरुवातीला पाण्याला प्लास्टिकची चव येते, ती चार-सहा वेळा भरून ओतल्यावर जाते. भरल्यावर बाजू फुगतात, म्हणून चारी बाजूंनी आधार लागतो, पण स्क्रूने आवळायचं नाही, रुंद पट्ट्यांनीच बांधायचं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, लाट आली की ते वजन सरकणारच. या प्लास्टिकवर एपॉक्सी धरत नाही, त्यामुळे भेगेवर प्लास्टिक वेल्डिंग करणारा शोधावा लागतो. तरीही दोन्ही दारातून सहज जातात, आणि वेगवेगळे व्हॉल्व्ह असल्याने एकीतलं पाणी खराब झालं तरी दुसरी हाताशी असते. बाकही आता चार नॉबच्या स्क्रूंवर आहे, छिन्नीचं काम नाही.

रबरी पिशवीवजा टाकीही मिळते. घडी करून कुठल्याही कप्प्यात जाते, पण कोपऱ्यावर घासून फाटते असं ऐकून आहे. तात्पुरती म्हणून ठीक वाटते.

डागडुजीच करावी असे प्रसंग आहेतच. गळती वरच्या बाजूला किंवा नळीच्या तोंडाशी असेल, टाकी दोन पट्ट्या सोडल्या की निघत असेल, किंवा ती फायबरच्या सांगाड्यातच घडवलेली असेल तर बदलीचा विचारही नको. अशी घडीव टाकी घासून, कोरडी करून, आतून एपॉक्सीचे थर द्यावेत. बाकी ठिकाणी जुन्या टाकीवर जीव असेल तर वेल्डिंग जरूर करून पाहा. फक्त बसवण्याआधी थोडीशीच हवा भरून साबणाचं पाणी सगळ्या कडांवर फिरवा, दुरुस्त केलेल्या जोडावरच नाही. जोर लावून हवा भरलीत तर सपाट पत्रा फुगून जोड उकलतात.