ब्यूनोस आयर्स की मेन्दोसा : काही महिने राहायचं तर कुठे?

अर्जेंटिनात दोन-चार महिने राहून लॅपटॉपवर काम करायचं ठरवलं की बहुतेकांची यादी या दोन शहरांवर येऊन थांबते. घरभाडं, हवा, खाणं यांची चौकशी सगळे करतात. दिवस कसा जाणार याचा विचार मात्र मागे पडतो, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच घ्यायला हवा.

अख्ख्या देशात एकच वेळ चालते. ती भारताच्या साडेआठ तास मागे असते, आणि 2009 नंतर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याचा प्रकारही बंद आहे. पण ही वेळ सूर्याच्या पुढे धावते. ब्यूनोस आयर्समध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकच्या आसपास. हजारेक किलोमीटर पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी असलेल्या मेन्दोसात त्याला साधारण 1:35 होतात. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, राजधानीत आठच्या सुमारास उजाडतं, तर मेन्दोसात साडेआठ उलटून जातात आणि सकाळच्या शाळेची मुलं अंधारातच घराबाहेर पडतात. 2004 मध्ये मेन्दोसा प्रांताने काही महिने आपलं घड्याळ तासभर मागे घेऊन पाहिलं होतं. पुढे पुन्हा देशाचीच वेळ आली. डिसेंबरात हाच हिशेब उलटा होतो आणि तिथे पावणेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो.

रात्रीचं जेवण दोन्हीकडे उशिराच. आठला हॉटेलात गेलात तर टेबलं रिकामी दिसतील. लोक नऊनंतर, शनिवारी तर दहानंतर येतात. एवढा वेळ पोट कसं धरतं? पाच-सहाच्या मेरिएन्दावर. कॉफी किंवा माते (एका झाडाच्या पानांचा कडसर काढा), सोबत मेदियालुना नावाची गोडसर, चंद्रकोरीच्या आकाराची पाव-बिस्किटं. आपल्या चार वाजताच्या चहाची सवय असेल तर ही गोष्ट दोन दिवसांत अंगवळणी पडते. साडेसातला जेवणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यावं.

खरा फरक दुपारचा आहे. ब्यूनोस आयर्स दुपारी झोपत नाही. बँका दहा ते तीन, दुकानं सलग उघडी, बस रात्रभर, आणि कोपऱ्यावरच्या किओस्कोत मध्यरात्रीही पाण्याची बाटली मिळते. मेन्दोसात दीडच्या सुमारास लोखंडी शटर एकामागून एक खाली येतात. तीन वाजता मध्यवस्तीतून चाललात तर दोन्ही बाजूंच्या उंच झाडांची सावली, फुटपाथलगतच्या उघड्या पाटांतून, म्हणजे आसेकियांतून, वाहणारं पाणी, आणि फारसं कोणी नाही. पाचला सगळं पुन्हा उघडतं आणि नऊपर्यंत चालतं. मोठी सुपरमार्केटं सहसा चालू असतात, पण चावी बनवणारा, शिंपी, लहान वाणी यांची कामं सकाळीच उरकावी लागतात. बँकही सकाळी लवकर उघडते आणि दुपारी एकच्या सुमारास बंद होते.

आता आपल्या कामाची वेळ यात बसवून बघा. पुण्यातल्या टीमबरोबर काम असेल तर तिथले दुपारी दीड ते संध्याकाळी सात म्हणजे अर्जेंटिनातले पहाटे पाच ते सकाळी साडेदहा. पहाटे साडेचारला उठणाऱ्याला मेन्दोसा फार सोयीचं पडतं. अकरापर्यंत काम आटोपलं की बाजारहाट, मग जेवण, मग दोन तास गाढ झोप. त्या वेळी गाव स्वतःच शांत असतं, खिडकीखाली गोंगाट नाही. संध्याकाळी ताजेतवाने होऊन तुम्ही इतरांसारखंच दहाला जेवू शकता. हीच झोप ब्यूनोस आयर्सच्या मध्यवस्तीत रस्त्याच्या बाजूच्या खोलीत मिळवणं अवघड आहे, आणि तिच्याशिवाय हा दिनक्रम पंधरवड्यात अंगावर येतो.

अमेरिकेच्या टीमबरोबर असाल तर मी उलट सांगेन. न्यूयॉर्क ऋतूप्रमाणे एक किंवा दोन तास मागे असतं, त्यामुळे काम दहा-अकराला सुरू होऊन संध्याकाळी सात-आठपर्यंत चालतं. मेन्दोसात तुमच्या जेवणाच्या सुट्टीत दुकानं बंद, आणि ती उघडी असतात तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये. तुम्ही मोकळे झाल्यावरही सगळं चालू असणारं शहर म्हणजे ब्यूनोस आयर्स. स्पॅनिश शिकायला जाणाऱ्यांनाही मी तेच सुचवेन. संध्याकाळचे वर्ग आणि गप्पांचे गट तिथे कितीतरी जास्त आहेत.

घरी फोन करायला दोन्ही शहरं सारखीच चांगली. रात्रीचे साडेदहा म्हणजे भारतात सकाळचे सात. आईचा पहिला चहा आणि तुमचं जेवण एकाच वेळी होतं, कोणाचीही झोप मोडत नाही.

लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील तर मेन्दोसाच घ्या, पण जून-जुलै टाळा. अंधारी सकाळ त्रास देते, आणि थंडीच्या दिवसांत डोंगरावरून सोन्दा हा गरम, कोरडा वारा सुटतो. त्याने अनेकांचं डोकं धरतं. मार्च-एप्रिल उत्तम. मार्चच्या सुरुवातीला द्राक्षकाढणीचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोल्या आधीच भरतात. त्यामुळे एक तर जानेवारीतच घर ठरवा, नाहीतर उत्सव संपल्यावर जा.