हवाईयन एलपी: स्वस्तातल्या बिननावाच्या घ्याव्या की महागातल्या नावासकट?

पुण्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "ताई, तिकडे जुन्या हवाईयन एलपी डॉलर-दोन डॉलरला मिळतात ना? पन्नासेक घेऊन ठेव, डिसेंबरात येईन तेव्हा नेतो." घरात व्हॅन शिपले यांच्या गिटारवरची सिनेगीतं सतत वाजायची, तेव्हापासून त्याला हवाईयन गिटारचं वेड आहे. आता त्याला या रेकॉर्ड्सवर वाजवणारे कोण होते तेही शोधायचं आहे, कारण बऱ्याच कव्हरवर वादकाचं नावच नसतं. मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. लॉस एंजेलिसच्या आसपासची जुन्या सामानाची दुकानं मी बारा वर्षं धुंडाळते आहे. नुसत्या ऐकण्यासाठी घ्यायच्या रेकॉर्ड्स वेगळ्या आणि वादक ओळखण्यासाठी घ्यायच्या वेगळ्या, हे मला उशिरा कळलं. त्याला जे सविस्तर लिहून पाठवलं, तेच इथे देते आहे.

आधी या रेकॉर्ड्स इतक्या निघाल्या का, ते सांगते. २१ ऑगस्ट १९५९ला हवाई अमेरिकेचं ५०वं राज्य झालं. त्याच्या आगेमागे हवाईच्या नावावर काहीही खपत होतं. मोठ्या कंपनीची एलपी चार डॉलरच्या घरात असे. स्वस्त लेबलांची तिच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी किमतीत, किराणा दुकानात आणि औषधांच्या दुकानात स्टँडवर लावलेली मिळे. समोर फुलांची माळ घातलेली तरुणी, मागे समुद्र, आणि बँडचं नाव त्या आठवड्यात सुचलेलं. खर्च कुठे वाचवायचा याचं उत्तर कायद्यात होतं. १९०९च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डवरच्या प्रत्येक गाण्यामागे रचनेच्या हक्कदाराला दोन सेंट द्यावे लागत, आणि हा दर १९७७च्या अखेरपर्यंत तसाच राहिला. म्हणून बाराऐवजी दहाच गाणी घ्यायची, त्यातली शक्य तितकी हक्कमुक्त, आणि उरलेल्या जागी घरच्या माणसाने रचलेल्या, हवाईत कुणी कधी न ऐकलेल्या दोन-तीन चाली. हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांचं 'अलोहा ओए' हे गाणं यातल्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर भेटतं.

बिननावाच्या रेकॉर्ड्सचा खरा ढीग क्राउन, टॉप्स, डिझाइन, डिप्लोमॅट अशा लेबलांचा. क्राउन हे कल्व्हर सिटीतल्या बिहारी बंधूंचं लेबल. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या पहिल्या एलपी याच लेबलवर निघाल्या, म्हणजे स्वस्त असलं की वाजवणारा हलका असतो असं मुळीच नाही. डिझाइन हे पिकविक या स्वस्त रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या घरातलं. तिथलं काम कसं चाले हे पुढे रॉक गायक म्हणून गाजलेल्या लू रीड यांच्यामुळे माहीत आहे. १९६४-६५मध्ये ते तिथे पगारी गीतकार होते आणि अस्तित्वात नसलेल्या बँडच्या नावावर मागणीनुसार गाणी पाडत. हवाईयन रेकॉर्ड्सनाही हाच साचा लागू होता. ध्वनिमुद्रणाचं सत्र झालं, पैसे दिले, वादक घरी गेले. काही सत्रं संगीतकारांच्या युनियनच्या नियमांनी झाली, त्यांचा करार कुठेतरी कागदावर आहे. युनियनबाहेर झालेल्या सत्रांचा कागदच नाही.

या ढिगात हात घालायचा तर एक गोष्ट आधीच समजून घे. तेच ध्वनिमुद्रण एका लेबलकडून दुसऱ्याकडे भाड्याने जाई आणि दर वेळी बँडचं नाव बदले. मी एकदा तीन वेगळ्या कव्हरच्या, तीन वेगळ्या बँडच्या एलपी आणल्या. घरी ऐकल्यावर तिसऱ्या मिनिटाला स्टील गिटारची (हवाईयन गिटारचंच हे दुसरं नाव) तीच घसरण, तीच किंचित चुकलेली जागा. तिन्ही एकच. त्या दिवशी वाईट वाटलं खरं, पण पुढे हीच गोष्ट कामी आली. तीन कव्हरपैकी एकावर गाण्याखाली बारीक अक्षरात रचनाकाराचं आडनाव होतं, जे बाकी दोघांवर गाळलेलं होतं.

त्या आडनावाला मी फार मानते. अनोळखी चालीच्या खाली कंसात जे नाव असतं, ते कधी निर्मात्याचं असतं, कधी टोपण, आणि कधी त्या सत्राचं नेतृत्व करणाऱ्या वादकाचं स्वतःचं. अमेरिकेच्या कॉपीराइट नोंदींची १९७७पर्यंतची छापील खंडवार सूची आता घरबसल्या चाळता येते. चालीचं नाव तिथे सापडलं की नोंदणीचं साल आणि प्रकाशक हाती लागतो. म्हणून दुकानात उभं असताना माझा नियम असा: सगळी गाणी ओळखीची आणि रचनाकार एकही छापलेला नाही अशी एलपी परत ठेवायची. दोन अनोळखी चाली आणि खाली नावं असतील, तर कव्हर फाटकं असलं तरी घ्यायची.

मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त शाखांचं प्रकरण निराळं आहे. आरसीएची कॅमडेन, कोलंबियाची हार्मनी, डेक्काची व्होकॅलियन. इथे बरंचसं जुनं, एलपीच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या जमान्यातलं ध्वनिमुद्रण पुन्हा काढलेलं असतं. डेक्काने तीसच्या दशकात हवाईयन संगीत भरपूर मुद्रित केलं होतं. डिक मॅकिन्टायर, सोल होओपी, लानी मॅकिन्टायर ही त्यातली मोठी नावं. गायक बिंग क्रॉस्बी यांच्या १९३७च्या 'स्वीट लेलानी'त साथीला लानी मॅकिन्टायर यांचाच संच आहे. मूळ ७८च्या तबकडीचा तपशील कंपनीच्या वह्यांत होता, आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची जी सूची खुली केली आहे तिच्यात गाणं, तारीख, मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला क्रमांक) आणि कुठे कुठे वादकांची नावंही मिळतात. एलपीवरचा क्रमांक नवा असतो, त्यामुळे जुळवणी कानानेच करावी लागते. पण निदान कशाशी जुळवायचं ते समोर असतं.

कॅमडेनमध्ये मात्र सगळंच पुनर्मुद्रण नाही. लिओ अडेओ यांच्या हवाईयन एलपी स्टिरिओच्या काळात नव्याने मुद्रित झालेल्या आहेत. त्यांवर वाद्यवृंदप्रमुखाचं नाव ठळक आहे, स्टील वाजवणाऱ्याचं नाही. दोन्ही प्रकार वेगळे करायची एक सोपी खूण आहे. स्टिरिओ क्रमांकाच्या पुढे कंसात बारीक रोमन ई असेल तर ते मूळचं मोनो, यंत्राने स्टिरिओसारखं केलेलं, म्हणजे बहुधा १९५८च्या आधीचं. आणि सुई जिथे थांबते त्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकाची सुरुवात बघायची. आरसीएच्या तेव्हाच्या पद्धतीत जे म्हणजे १९५८, के म्हणजे १९५९, एल म्हणजे १९६०. हे साल एलपीची ती बाजू तयार झाल्याचं. वादन त्याआधी कितीही वर्षांपूर्वीचं असू शकतं. याच कंपनीने पन्नासच्या दशकात कॅमडेनवर फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या वाद्यवृंदालाही वॉरविक सिम्फनी हे बनावट नाव दिलं होतं. तेव्हा कव्हरवरचं नाव हा पुरावा धरायचा नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

सॉमरसेटच्या, म्हणजे '१०१ स्ट्रिंग्ज'च्या घराण्यातल्या रेकॉर्ड्स मी भावाला सरळ नको म्हटलं. व्हायोलिनांचा भरगच्च वाद्यवृंद, तोही जर्मनीत मुद्रित. ऐकायला गोड आहे, रविवारी सकाळी चहाबरोबर छान लागतं. पण स्टील गिटार कधी डोकावते, कधी नाही, आणि जी आहे ती वाजवणारा हवाईचा असेल याची काही खात्री नाही.

उरल्या पूर्ण किमतीच्या. होनोलुलूच्या हुला आणि वायकीकी रेकॉर्ड्स, आणि कॅपिटॉलवरच्या 'हवाई कॉल्स'च्या एलपी. 'हवाई कॉल्स' हा वेब्ली एडवर्ड्स यांचा रेडिओ कार्यक्रम १९३५ ते १९७५ चालला, बराच काळ मोआना हॉटेलच्या अंगणातून. त्यात स्टील वाजवणारे डेव्हिड केलीई, ज्यूल्स आह सी, बार्नी आयझॅक्स हे कोण, कुठल्या वर्षांत होते, हे बऱ्यापैकी नोंदलेलं आहे. मला इकडे या एलपी पंधरा-वीस डॉलरला पडतात, म्हणजे स्वस्त एलपीच्या दहापट. एवढे पैसे का द्यायचे, तर कान तयार करायला. ज्याचं वाजवणं नावासकट ऐकलं नाही, तो बिननावाच्या रेकॉर्डवर कसा ओळखणार?

कानाने काय पकडायचं, त्याबद्दल मला जे खात्रीने वाटतं तेवढं सांगते. एका स्वरसंघातले दोन स्वर जागेवर राहून तिसराच सरकत असेल, तर पायाने पेडल दाबून वाजवायची पेडल स्टील आहे, आणि वाजवणारा बहुधा नॅशव्हिल किंवा लॉस एंजेलिसच्या कंट्री संगीतातला. हवाईतले त्या काळचे वादक प्रामुख्याने बिनपेडलची वाजवत. उलट बाजूने फसायलाही होतं. जेरी बर्ड ओहायोचे, कंट्री गायक हँक विल्यम्स यांच्या 'लव्हसिक ब्लूज'मध्ये वाजवलेले, पण पेडल त्यांनी कधी घेतलं नाही आणि त्यांचा हवाईयन बाज अस्सल आहे. ज्यूल्स आह सी यांचे तळहाताने दाबून काढलेले घंटेसारखे स्वर एकदा ऐकले की विसरत नाहीत, पण ते १९६० साली गेले. त्यानंतरच्या सत्रात तसे स्वर आले तर ते दुसऱ्या कुणाचे तरी. दोन कडव्यांच्या मध्ये हवाईतले संच दोन मात्राखंडांची एक ठरावीक फिरकी घेतात, जिच्यावर नर्तकी पाऊल बदलते. ती नसेल, किंवा घाईने उरकलेली असेल, तर स्टुडिओतल्या वाचून वाजवणाऱ्यांचा संशय घ्यायचा. आणि गाणं असेल तर उच्चार. हवाईयन न येणारा गायक स्वरांमधला थांबा गिळून टाकतो.

हे सगळं करावं का, असं भावाने विचारलं नव्हतं, तरी मी त्याला फ्रेडी तवारेस यांचं उदाहरण दिलं. माउई बेटावरचा हा माणूस. 'लूनी ट्यून्स' कार्टूनच्या सुरुवातीला स्टील गिटारची जी उसळी ऐकू येते ती त्यांची. पुढे ते गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांच्याकडे गेले आणि स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घडणीत त्यांचा हात होता. जगातल्या कोट्यवधी मुलांनी त्यांचा तो एक सेकंद ऐकला, नाव ऐकलं नाही. आपल्याला हे परकं वाटू नये. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या, लिहिणाऱ्या किती गोव्याच्या माणसांची नावं आपल्या रेकॉर्ड्सवर छापली गेली? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांची नावं सामान्य श्रोत्यांना फार उशिरा कळली. आणि टाऊ मो यांचं हवाईयन कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात होतं. आपल्याकडे ही गिटार रुजली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या माणसांचं देणं लागतो असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोच्या आतबाहेर भरते. पन्नास म्हणजे बारा किलो, म्हणजे तेवीस किलोची अर्धी बॅग. टपालाने मागवायच्या तर भाडं रेकॉर्डच्या किमतीच्या कितीतरी वर जातं, त्यामुळे भारतात राहणाऱ्याने 'एका डॉलरची' एलपी स्वस्त धरू नये. शिवाय या लेबलांनी तबकडीसाठी वापरलेला माल हलक्या प्रतीचा, आणि पन्नास-साठ वर्षं वजनदार सुया सोसलेला. धुऊनही सरसर पूर्ण जात नाही.

म्हणून पन्नास नाहीत, वीस घेते आहे. त्यातल्या सहा होनोलुलूच्या आणि 'हवाई कॉल्स'च्या, पैसे जातील तर जाऊ देत. आठ व्होकॅलियन, हार्मनी, कॅमडेनच्या, कारण पहिलं नाव सापडण्याचा आनंद त्याला इथेच लवकर मिळेल आणि तो मिळाला तरच माणूस पुढे टिकतो. सहा क्राउन आणि डिझाइनच्या घरातल्या, खाली रचनाकार छापलेल्या. त्याला फक्त ऐकायचं असतं तर मी सगळ्या वीस होनोलुलूच्याच घेतल्या असत्या. घर भरायचं असतं तर पन्नास क्राउन.

प्रत्येक कव्हरमध्ये मी एक चिठ्ठी घालते. शाईने लिहिते ते कागदावर सापडलेलं, पेन्सिलने लिहिते ते कानाने वाटलेलं. दोन्ही एकत्र करायचं नाही, आणि प्रसिद्ध नाव पेन्सिलीतून शाईत न्यायची घाई तर अजिबात नाही. भावासाठी बाजूला काढलेल्या एका क्राउनच्या चिठ्ठीवर गेली चार वर्षं एकच ओळ आहे: "दुसरी बाजू, तिसरं गाणं, बिनपेडल, फार हळवा हात." पुढची जागा कोरी आहे. ती एलपी मी सर्वांत वर ठेवली आहे.