वाल्तेल्लिनात आठ महिने, सायकलवरून

मार्च ते ऑक्टोबर नोकरीनिमित्त उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्यात, सोंद्रिओ गावात होते. पहिल्याच आठवड्यात एक जुनी सायकल घेतली आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टीला 'सेंतिएरो वाल्तेल्लिना' हा सायकलमार्ग वापरला. कोलिको ते बोर्मिओ, 114 किलोमीटर, आद्दा नदीला धरून जाणारा. आपल्याकडचे बरेच पर्यटक मिलानहून अडीच तासांत तिरानोला उतरतात आणि लाल बर्निना रेल्वेगाडीत बसून स्वित्झर्लंडला निघून जातात. त्यांना कळकळीनं सांगते, दोन दिवस तरी या खोऱ्यात थांबा.

आधी वाऱ्याचं सांगते, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये दुपारी सोंद्रिओहून कोलिकोकडे निघाले. उतारच आहे, आरामात जाऊ, असं वाटलं. पण दुपारी कोमो तळ्याकडून 'ब्रेव्हा' वारा खोऱ्यात शिरतो, तो थेट समोरून आला. वाटेतल्या मोर्बेन्यो गावापर्यंत मांड्या भरून आल्या. नंतर उलटं करायला लागले: सकाळी ट्रेननं सायकलसकट कोलिको, आणि दुपारी ब्रेव्हा पाठीवर घेऊन घरी. चढ जाणवतही नाही.

खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय, त्यामुळे उत्तरेकडच्या डोंगराला दिवसभर ऊन आणि समोरच्याला सावली. उन्हाच्या अंगाला द्राक्षांच्या पायऱ्या, सावलीच्या अंगाला जंगल. या पायऱ्यांचे दगडी बांध चुना-सिमेंटशिवाय रचलेले आहेत. ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सास्सेल्लाजवळ एक आजोबा ढासळलेला बांध लावत होते. दगड उचलायचा, हातात फिरवून बघायचा, बसवायचा, हातोडीचा एक ठोका, आणि फटीत चिप्पी. अर्ध्या तासात हातभर काम झालं. आपल्या कोकणातले गडगे आठवले.

खाण्यासाठी तेल्यो गावाला जा. चढ दमवणारा आहे, पण तिथली पित्सोक्केरी चुकवू नका. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा, कोबी, वरून काझेरा चीज आणि लसूण परतलेलं गरम लोणी. मांस नसतं, मात्र चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, तेव्हा कडक शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. आणि दुपारी गावातली दुकानं दोन-तीन तास बंद असतात. पाणी, केळी सकाळीच घेऊन ठेवा.

तिरानोच्या पुढे चढ वाढतो. सवय नसेल तर ई-बाइक भाड्यानं घ्या. मी घेतलेलीचा मागचा ब्रेक ढिला होता, म्हणून निघण्यापूर्वी स्वतः तपासा. बोर्मिओच्या अलीकडे वाल पोला लागतं. 28 जुलै 1987 ला इथे सुमारे 4 कोटी घनमीटर डोंगर खाली आला. सांत अंतोनिओ मोरिन्योने हे गाव गाडलं गेलं. ते आधी रिकामं केलं होतं, पण खोऱ्याच्या वरच्या अंगाला लाट उसळून आक्विलोनेतली माणसं गेली. डोंगरावरचा तो उघडा ओरखडा अजून दिसतो. मी तिथे सायकलवरून उतरून चालत गेले. माळीणची बातमी ऐकली होती तेव्हा जसं झालं होतं, तसंच पोटात तुटलं.

जुलै-ऑगस्टमध्ये सफरचंदाच्या बागांमधला सपाट पट्टा तापतो, सावली नाही. मला सगळ्यात आवडला तो ऑक्टोबर. तेव्हा नेब्बिओलो द्राक्षांची तोडणी चालते, इथे त्या द्राक्षाला किआव्हेन्नास्का म्हणतात. अरुंद पायऱ्यांवर ट्रॅक्टर जात नाही, म्हणून माणसं क्रेट पाठीवर घेऊन उतरतात, आणि खालच्या रस्त्यावर सायकल थांबवली की एखादा घोस हातात येतो.