मीटरवर 41,286 किलोमीटर, कंपनीच्या नोंदीत 1,68,000 च्या वर : जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना झालेली फसवणूक

8,31,940 रुपये. एवढे पैसे आमच्या घरातून गेले आणि जी गाडी दारात उभी आहे, ती साताऱ्याहून कराडला जाऊन परत येऊ शकत नाही. गाडीचे 7,85,000, 'फाइल आणि ट्रान्सफर' म्हणून 14,500, 'बॅटरी हेल्थ सर्टिफिकेट'चे 3,500, विम्याचे 22,140 आणि घरी पंधरा अँपियरचा प्लग, एमसीबी, अर्थिंग करून घेतलं त्याचे 6,800. बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्हॅल्युएशनचे 1,770 यात धरलेले नाहीत. नातेवाइकांत हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते. पण रोज नव्या जाहिराती दिसतात आणि राहवत नाही, म्हणून लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, त्यामुळे कुणाचं नाव घेत नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. सगळं आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. इंजिन सुरू झालं की पिस्टन रिंग गेल्यात का, नोझल खराब आहे का, हे मला बॉनेट न उघडता कळतं. म्हणून "तुमच्यासारख्या माणसाला कसं फसवलं?" असं कुणी विचारलं की डोकं तापतं. इलेक्ट्रिक गाडीत ऐकायला काहीच नसतं. धूर नाही, ऑइल नाही, काढून बघायची डिपस्टिक नाही. गाडीचं वय सगळं त्या सीलबंद बॅटरीत, आणि तिथं माझ्या हाताला, कानाला प्रवेश नाही. या धंद्यातल्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे.

गाडी मुलीसाठी हवी होती. तिची नोकरी कराडला, रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या थोडं वर. पेट्रोल परवडत नव्हतं आणि बसच्या वेळा जुळत नव्हत्या. घरी रात्री चार्जिंग, सकाळी निघायचं, हिशोब सरळ होता. आम्हाला हवी तशी नवी गाडी बारा लाखांच्या पुढं जात होती. 2024-25 या वर्षात देशात लाखावर इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. दर काही महिन्यांनी नवीन मॉडेल, मोठी बॅटरी, आणि जुन्याच्या किमती खाली. दोन-चार वर्षं वापरलेली घ्यावी हा विचार मला तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही त्यात चूक दिसत नाही. चूक आहे ती विकणाऱ्याच्या नियतीत.

पुण्याच्या बाहेरच्या बाजूला मोठं यार्ड. काचेचं ऑफिस, थंड पाणी, "काका बसा". गाडी 2021 ची, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, म्हणजे खाजगी. टॅक्सीच्या इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पिवळी अक्षरं असतात, हे मला माहीत होतं आणि मी ते पाहिलं होतं. आरसीवर 'मोटार कार'. मालक क्रमांक 2. "पहिला मालक यांचाच भाऊ, घरातल्या घरात नाव बदललंय." मीटरवर 41,286. स्क्रीनवर शंभर टक्के चार्ज आणि रेंज 228. बॅटरी 26 किलोवॅट-तासांची (म्हणजे 26 युनिट वीज मावेल अशी), वॉरंटी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यात जे आधी होईल ते, "म्हणजे काका, अजून तुमच्याकडं 2029 पर्यंत वेळ आहे".

ही सगळी वाक्यं जिच्यावर उभी होती, ती मीटरवरची संख्याच खोटी होती. पेट्रोल गाडीचं मीटर मागं फिरवलं तर हजारोंचा फरक पडतो. इलेक्ट्रिक गाडीचं मागं फिरवलं की मेलेली वॉरंटी जिवंत दिसायला लागते, आणि किमतीतला फरक लाखांत जातो. स्क्रीनवरची रेंजही पुरावा नाही. ती गाडीनं आधीच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. यार्डात हळूहळू फिरवली की आकडा फुगतो.

आता दाराचं सांगतो, कारण मला रात्री तेच आठवतं.

मी चारही दारं उघडून-लावून पाहिली. ती सवयच आहे. तीन दारं घट्ट. मागचं डावं मात्र सैल, बिजागरीत खेळ, उघडल्यावर मधल्या टप्प्यावर थांबत नव्हतं, थेट शेवटपर्यंत जायचं. मागच्या सीटचा फोम डाव्या बाजूला बसलेला. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूचा फोम जसाच्या तसा. आणि मधल्या खांबावर, सीटबेल्टच्या जरा वर, चार छोटी भोकं काळ्या रबराच्या बुचांनी बंद केलेली. मी त्यातल्या एका बुचावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?"

"मुलांच्या टॅबचा स्टँड होता काका. आणि त्या दारानं आजी चढायच्या-उतरायच्या, त्यांना आधार घ्यायची सवय."

एवढ्यात चहा आला. मुलीनं कागद बघायला सुरुवात केली. आणि तो क्षण गेला.

डावीकडून चढतात ते टॅक्सीचे प्रवासी. दिवसभर, वर्षानुवर्षं, तेच दार. खांबावरची ती भोकं धोक्याच्या बटणाची होती. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना 2019 पासून ट्रॅकर आणि असं बटण बंधनकारक आहे. मी बसची दारं दुरुस्त केलेला माणूस. मला दिसलं, मी विचारलं, आणि मला तोंडावर खोटं सांगितलं गेलं. विचारल्यावर खोटं बोलणाऱ्यापुढं गिऱ्हाइकानं आणखी काय करायचं असतं? आरसी सरकारी, पाटी सरकारी, दोन्ही खाजगी म्हणत होत्या. टॅक्सीची गाडी रीतसर खाजगीत बदलून घेता येते, त्यामुळे तो कागद खरा आहे. आधीचा इतिहास मात्र त्यावर लिहून येत नाही.

सर्व्हिस हिस्टरी मागितली तर "कंपनी प्रायव्हसीमुळं देत नाही" म्हणाले आणि स्वतःच्या लेटरहेडवर 'बॅटरी हेल्थ 94%' छापून दिलं. त्या एका कागदाचे 3,500. कुणी असा कागद पुढं केला तर मशीन कुठलं, तारीख कुठली, चेसिस नंबर कुठं आहे, ते बघा. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं.

पैशांतही खेळ केला. 85,000 रोख, बिल 7,00,000 चं, "जीएसटी वाचतो". नंतर सीएनं सांगितलं की जुन्या गाडीवर डीलरला कर लागतो तो फक्त त्याच्या नफ्यावर. जानेवारी 2025 पासून इलेक्ट्रिकलाही 18 टक्के, तोही नफ्यावरच. म्हणजे आमचं काही वाचलं नाही, वाचलं ते त्याचं. आणि आता ते 85,000 दिल्याचा माझ्याकडे कसलाही पुरावा नाही. उरलेल्यात 6,00,000 मुलीच्या नावावर कर्ज, पाच वर्षं, महिना 13,499 हप्ता. रोख मागितली की उठून निघा.

पहिल्या आठवड्यातच मुलगी म्हणाली, "पप्पा, ऐंशीच्या पुढं जातच नाही." यार्डाच्या आसपास गर्दीत टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, तिथं साठसुद्धा गाठता आले नव्हते. फोन केला तर "इको मोड असेल". टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाड्यांना ताशी ऐंशीची मर्यादा यंत्रातच घातलेली असते. टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या हायवेवरच घ्या, नाही म्हणाले तर कारण विचारा. टोलचंही तसंच. "महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला टोल माफ" म्हणाले होते. राज्याच्या 2025 च्या धोरणात पूर्ण माफी जाहीर झाली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर. तासवडेच्या नाक्यावर आमच्या फास्टॅगमधून पैसे कापले गेले.

मग एका पावसाळी संध्याकाळी कराडहून परत येताना बॅटरी 22 टक्क्यांवरून एकदम 6 वर आली. स्क्रीनवर कासवाचं चिन्ह, म्हणजे गाडीनं ताकद कमी केली. नागठाण्याच्या अलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला बंद. पोरगी एकटी, अंधार, शेजारून ट्रक. टोइंगचे 4,500. हे आकडे मी लिहू शकतो, तेव्हा घरात काय झालं ते लिहू शकत नाही.

घरी मीटर लावून मोजलं. दहा टक्क्यांपासून शंभरपर्यंत गाडीनं 15.8 युनिट घेतले. बॅटरी 26 ची आणि चांगली असती, तर चार्जिंगमधला तोटा धरून साधारण 26 युनिट लागायला हवे होते. ही तपासणी कुणालाही जमते. विकणाऱ्याला सांगा, गाडी दहा-पंधरा टक्क्यांवर आणून ठेव, समोरच्या पब्लिक चार्जरवर भरू; चार्जर युनिट दाखवतो. तो तयार नसेल तर बॅटरीत काय आहे ते त्याला माहीत आहे.

त्यानंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. गाडी आता आमच्या नावावर असल्यानं त्यांनी चेसिस नंबर टाकून सगळं दाखवलं. टॅक्सीसाठीचा प्रकार, बॅटरी मुळात 26 ची नाहीच, 21.5 ची. मागं लावलेलं नाव आणि चिन्ह दुसऱ्या प्रकाराचं. पहिला मालक भाऊबिऊ कुणी नाही, एक कंपनी. शेवटच्या नोंदीत किलोमीटर 1,68,000 च्या वर, म्हणजे वॉरंटी संपलेली. नवीन बॅटरीचा अंदाज 5,40,000, मजुरी वेगळी. काउंटरवरच्या मुलानं मान खाली घालून सांगितलं की अशा गाड्या हल्ली येतात. येणारच. एप्रिल 2025 मध्ये ब्लूस्मार्टची टॅक्सी सेवा थांबली, तेव्हा एका झटक्यात हजारो इलेक्ट्रिक गाड्या उभ्या राहिल्या. आमची त्यातली नाही. पण टॅक्सीत झिजलेल्या गाड्या शेवटी कुठल्या तरी यार्डातच येतात. टॅक्सीची गाडी टॅक्सीची म्हणून, तिच्या किमतीला विकली तर माझी काही तक्रार नाही. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. मालकाच्या संमतीनं नोंदी तिथंच स्क्रीनवर बघा.

आता यंत्रणेचं. आमच्या ठाण्यात गेलो तर "व्यवहार तिकडं झाला, तिकडं जा". तिकडच्या ठाण्यात "तुम्ही राहता तिकडं द्या". नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. मी ते कलम छापून नेलं. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 सुद्धा नेलं. साहेबांनी कागद न वाचता परत दिला. "करार आहे, गाडी ताब्यात मिळाली आहे, ही दिवाणी बाब." मीटर मागं फिरवणं दिवाणी? खोटं नाव चिकटवून विकणं दिवाणी? माझ्या खिशातून कुणी पाचशेची नोट काढली असती तर गुन्हा झाला असता, 7,85,000 काढले तर मी वकील शोधायचा. पोचसुद्धा मिळाली नाही. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं अर्ज पाठवला. उत्तर नाही.

आरटीओत म्हणाले, नोंदणी कायदेशीर आहे, मीटरशी आमचा संबंध नाही. बरं, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं प्राधिकारपत्र लागतं, या डीलरकडे ते आहे का, एवढं तरी सांगा? "माहिती अधिकारात अर्ज करा." दहा रुपयांचं तिकीट लावून केला. उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. प्राधिकारपत्र देणारं कार्यालय हेच, आणि कुणाला दिलं ते सांगता येत नाही! मग तो नियम कुणासाठी आहे? बँकेच्या व्हॅल्युअरनं गाडीचे चार फोटो काढून 1,770 घेतले, बॅटरीला हात लावला नाही, आणि बँक म्हणते व्हॅल्युएशन बँकेच्या सुरक्षिततेसाठी असतं, ग्राहकाच्या नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो.

ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन, ई-जागृतीवर केली. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त 200, आणि 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. कुणी वकील पुण्यात दाखल करा म्हणाला तर ऐकू नका. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं विक्रेत्याचं बोलणं, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडे '41k km, 26 kWh, वॉरंटी 2029' हा मेसेज आहे म्हणून निदान उभं राहता येतंय. डीलरला पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर आढळले नाहीत' म्हणून परत आली. यार्ड तिथंच आहे, पाटी बदलली आहे. फोन नंबर तोच आहे आणि त्याच नंबरवरून त्याच रंगाची, त्याच मॉडेलची आणखी एक गाडी 38,000 किलोमीटरची म्हणून विकायला आहे.

2025 मध्ये पुण्याच्या आसपास कुणी अशी गाडी घेतली असेल, तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन खरे किलोमीटर काढून घ्या. विक्रेता तोच निघाला, तर ग्राहक कायद्याच्या कलम 35 खाली आपल्याला आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. एकट्याला ठाण्यातून परत पाठवता येतं. आठ-दहा जण एकाच विक्रेत्याच्या आठ-दहा खोट्या मीटरांचे कागद घेऊन गेले, तर त्याला दिवाणी बाब म्हणणं साहेबांनाही अवघड जाईल. माझे सगळे कागद तयार आहेत.