१२०० पीस सांगितले अन् आले ६०० जोड, मोज्यांच्या होलसेल ऑर्डरीत मी कसा फसलो

आपल्या भागात ज्यांचं कपड्याचं नाहीतर शाळेच्या ड्रेसचं लहानसं दुकान आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो, बाकीच्यांनीही वाचलं तरी चालेल. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं दुकान आहे, ड्रेस, टॉवेल, बनियन, मोजे असं सगळं ठेवतो. मागच्या वर्षी जवळच्या एका शाळेची ऑर्डर मिळाली, ३०० पोरं, एकेकाला दोन जोड पांढरे अन् दोन जोड राखाडी म्हणजे १२०० जोड, भाव ३५ रुपये जोड. एवढी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदाच मिळाली होती. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते तं माझ्या हातात दोन महिने होते, म्हणून म्हटलं नागपूरच्या व्यापाऱ्याकडून काहून घ्यायचं, डायरेक्ट कारखान्यातूनच मागवू.

मोबाईलवर शोधलं तं लुधियानाच्या कारखान्यांची रांगच लागली. सात-आठ जणांना मेसेज टाकले, बहुतेकांनी ५०० डझन कमीतकमी घ्या म्हणून सांगितलं अन् विषय संपवला. एकच जण गोड बोलला, व्हिडिओ कॉलवर मशीन दाखवल्या, वरून धाग्याचे कोन लागलेले, खाली मोजा विणून पडून राहिला. मिनिमम काहून असते हेही त्याने चांगलं समजावून सांगितलं, ते खरंच आहे म्हणून इथं सांगतो. साइज बदलली की मशीनची सेटिंग बदलावी लागते, रंगाचा धागा लॉटमध्ये रंगवून येतो, म्हणून थोडक्या मालासाठी मशीन थांबवणं त्यांना परवडत नाही. त्यामुळे मला वाटलं माणूस कामाचा आहे.

५०० डझनाला १४ रुपये भाव होता. मी १०० डझनावर अडलो, तीन दिवस घासाघीस चालली, शेवटी तो म्हणाला, "चलो भैया, आपके लिए सौ डझन, उन्नीस रुपये पीस." मी खुश झालो, ५,००० रुपये टोकन टाकलं. टोकन गेलं तसा दुसऱ्या दिवशी फोन आला की १०० डझन म्हणजे एका रंगाला अन् एका साइजला. माझे रंग दोन अन् साइज तीन, म्हणजे सहा गुणिले १००, म्हणजे ६०० डझन! मी म्हटलं भाऊ एवढा माल कुठं ठेवू अन् कोणाला विकू, तं तो म्हणे मग मिक्स देतो, पण मशीन सेटिंगचे २,५०० अन् पॅकिंगचे १,२०० वेगळे लागतील. टोकन अडकलेलं, शाळेला शब्द दिलेला, मी हो म्हटलं. इथंच थांबलो असतो तं पाच हजारावरच भागलं असतं.

बिल आलं ते असं, १२०० गुणिले १९ म्हणजे २२,८००, त्यावर सेटिंग अन् पॅकिंग धरून २६,५००, वर ५ टक्के जीएसटी, एकूण २७,८२५. बिलावर क्वांटिटीच्या पुढे पीसीएस लिहिलेलं होतं अन् मी त्याकडे पाह्यलंच नाही. दुकानात गिऱ्हाईक "दोन पीस द्या" म्हणते तेव्हा दोन जोडच मागते ना, माझ्या डोक्यात तेच होतं. जीएसटीच्या बिलात युनिटचे कोड ठरलेले असतात, जोडीला पीआरएस, नगाला पीसीएस, डझनाला डीओझेड, हे मला नंतर कळलं. बाकीचे २२,८२५ माल निघायच्या आधीच टाका म्हणाला, टाकले. त्यातले १५,००० घरच्यांनी बचत गटातून उचलून दिले होते, बाकी तुरीचे होते.

१८ जूनला ट्रान्सपोर्टवरून माल सोडवला, भाडं टू-पे, म्हणजे माल सोडवणाऱ्यानेच द्यायचं, १,१५० रुपये. तिथंच पोती उघडून बंडल मोजले, बरोबर १०० बंडल, प्रत्येकावर १२ छापलेलं. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सही केली अन् माल घरी आणला. संध्याकाळी पोरीने एक बंडल फोडलं अन् म्हणाली, "बाबा, यात तं सहाच जोड आहेत." मी म्हटलं एखादं चुकलं असेल, दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, रात्रीपर्यंत सगळे फोडले. सहा, सहा, सहा. १२ मोजे म्हणजे सहा जोड. घरच्या काहीच बोलल्या नाही, भिंतीला टेकून बसून राहिल्या, ते मला आजही आठवते.

फोन लावला तं तो शांतपणे म्हणे, "बिल में पीस लिखा है भैया, पढ़ लो." भाडं धरून माझे २८,९७५ गेले होते, म्हणजे जोडामागे ४८ रुपये पडले, अन् शाळेला द्यायचे होते ३५ ला.

बरं माल तरी सँपलसारखा असावा ना, तोही नाही. सँपलचा जोड सोनाराच्या काट्यावर ३२ ग्रॅम भरला, आलेला २१. सँपलचा धागा जाळून पाह्यला तं कागद जळल्यासारखा वास अन् मऊ राख, म्हणजे कापूस. आलेल्या मोज्याचा धागा वितळून काळा टणक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. बोटांजवळची शिवण एवढी जाड की पोरीने घालून पाह्यला तं बूट टोचून राहिला. ज्या यवतमाळात शेतातून कापूस निघतो तिथल्या पोरांच्या पायात मी हे घालणार होतो, याचं मला पैशाएवढंच वाईट वाटलं.

मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर कोणाचाही जीएसटी नंबर टाकून पाहता येते, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, पंजाबचे ०३, दिल्लीचे ०७, आपले २७. हा लुधियानाचा कारखाना म्हणवून घ्यायचा अन् नंबर ०७ ने सुरू. धंद्याच्या प्रकारात फक्त होलसेल, फॅक्टरीचं नावच नाही. अन् मी पैसे टाकले ते खातं फर्मचं नव्हतंच, एका माणसाच्या नावाचं होतं, पैसे पाठवताना नाव समोर दिसलं होतं तरी मी पाठवले.

पोलीस ठाण्यात गेलो तं म्हणाले माल आला आहे, बिल आहे, हा व्यवहाराचा वाद आहे. ग्राहक आयोगाचं विचारलं तं कळलं की परत विकायला घेतलेला माल असला की आपण ग्राहक धरल्या जात नाही. पैसे टाकले अन् माल आलाच नाही, माणूस गायब, असं कोणासोबत झालं तं लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, उशीर केला की पैसा पुढच्या खात्यात निघून जाते.

शाळेचा शब्द पाळला. रातोरात नागपूरला गेलो, गांधीबागेच्या होलसेल बाजारातून २७ रुपये जोडाने हातात घेऊन, ताणून, मोजून १२०० जोड उधारीवर आणले. तिथं साइजला मिनिमम नाही, डझनही देतात. अन् मी आठ रुपये वाचवायला कुठं गेलो होतो. ते पातळ मोजे बाजारच्या दिवशी २० रुपये जोडाने, पॉलिस्टर आहे असं सांगूनच विकले, ४६० गेले, १४० अजून पडून आहेत. गटाचा हप्ता अजून चालू आहे.

आता कोणाशीही बोलायचं तं पहिला मेसेज माझा ठरलेला आहे, भाव जोडीचा का नगाचा, मिनिमम एकूण का रंगाला अन् साइजला, एक डझन जोडीचं वजन किती ग्रॅम, कापूस किती टक्के, सेटिंग-पॅकिंग-भाडं-जीएसटी सगळं धरून दुकानात पोचता जोड कितीला पडेल. फोनवर सांगितलेलं मी धरत नाही, लिहून दे म्हणतो. सँपलचे दोन जोड घेतो, एकावर माझी सही करून त्याला परत पाठवतो, त्याच्या सहीचा एक माझ्याजवळ.

परवा त्याच नंबरवरून मेसेज आला, फर्मचं नाव नवीन, फोटो तेच मशीनचे. "स्कूल सीझन बेस्ट रेट, मिनिमम सिर्फ सौ डझन." मी माझा तो मेसेज जसाच्या तसा पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्या, उत्तर आलं नाही.