लढाईवरून न परतलेला खान्देशी शिपाई आणि वॉर ग्रेव्हज कमिशनची मोफत नोंदशोध सेवा

‘पणजा बसऱ्याला गेला, परत आला नाही.’ ज्या घरात एवढंच माहीत आहे, त्या घराने भरवसा ठेवावा अशी जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ. शोधायला पैसे लागत नाहीत. युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या, 1917 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांची नोंद आहे. त्यात अखंड हिंदुस्थानच्या फौजेतले पहिल्या युद्धातले सुमारे 74 हजार आणि दुसऱ्या युद्धातले सुमारे 87 हजार जण येतात. मात्र शोधाची शेवटची पायरी म्हणून ही सेवा जितकी पक्की, तितकीच पहिली पायरी म्हणून कच्ची आहे. नुसतं आडनाव टाकून शोधणाऱ्याची इथे निराशाच होते.

कारण शोधाची सगळी मांडणी आडनावाभोवती आहे. एकाच आडनावाचे शेकडो निघण्याचा हा त्रास ब्रिटनमधल्या वेल्सच्या घरांनाही होतो. तिथे पूर्वी नावापुढे ‘आप’ लावून बापाचं नाव सांगायची पद्धत होती, पुढे त्याचीच आडनावं झाली, आणि जोन्स, डेव्हिस, विल्यम्स अशा मोजक्या आडनावांत सगळा मुलूख सामावला. पण त्यांना आबेरिस्ट्विथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने 1919 पर्यंतची वर्तमानपत्रं घरबसल्या मोफत वाचायला दिली आहेत, शिवाय वेल्सच्या सुमारे 35 हजार मृतांच्या नावांचा स्मरणग्रंथही आहे. गाव आणि पलटण कळली की त्यांचा जोन्स सापडतो. आपल्या पाटलालाही याच वाटेने शोधावं लागतं. फक्त गाव आणि पलटण कळण्याची साधनं वेगळी आहेत.

सर्वांत मोलाचं साधन म्हणजे घरातला बिल्ला, म्हणजे लढाईसाठी मिळालेलं मेडल. पहिल्या युद्धातल्या गोल बिल्ल्याची कड उजेडात तिरपी धरून पाहा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या युद्धातले हिंदुस्थानात दिलेले बिल्लेही बहुतेक नाव घातलेलेच असतात. बिल्ला चिंचेने किंवा राखेने घासू नका. कडेची अक्षरं एकदा झिजली की तो पुरावा कायमचा गेला. मृताच्या घरी आलेलं 12 सेंटिमीटर व्यासाचं काशाचं गोल पदक असेल तर त्यावर फक्त नाव असतं, नंबर नसतो. त्यामुळे एकट्या पदकावरून माणूस पटवता येत नाही.

बिल्ला विकला गेला असेल तर तलाठी आणि तहसील कार्यालयाचं दप्तर बघा. गाव नमुना 6 क म्हणजे वारस नोंदवही, आणि त्यावरून पडलेला फेरफार. शेत असलेला माणूस परमुलखात वारला, तरी सातबाऱ्यावर वारस लावताना त्याच्या बापाचं आणि बायकोचं नाव लिहिलं जातं. कोतवाल बुकात मात्र गावात झालेले मृत्यूच येतात, त्यामुळे तिथे नोंद नसली तर खचू नका. जुनी पानं मोडीत असतात; वाचणारा सोबत न्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गाववार वंशावळ मिळते, आणि बापाचं नाव पक्कं करायला ती फार कामी येते.

आता संकेतस्थळावर या. प्रगत शोधात फौज ‘इंडियन’ निवडा आणि युद्ध निवडा. आडनावाचा रकाना रिकामा सोडून ‘अधिक माहिती’च्या रकान्यात तालुका किंवा जिल्हा घाला. शिपायांच्या पुष्कळ नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असं वाक्य असतं, आणि खान्देशकरासाठी खरी किल्ली तीच. जिल्हा मात्र त्या काळचा टाका. 1906 मध्ये खान्देशचे दोन भाग झाले, म्हणून जळगावकडच्यांसाठी ‘ईस्ट खान्देश’ आणि धुळ्याकडच्यांसाठी ‘वेस्ट खान्देश’. नंदुरबार जिल्हा 1998 चा. त्या नावाने फक्त गाव किंवा तालुका सापडेल. धुळ्याला ‘धुलिया’, मुक्ताईनगरला ‘एदलाबाद’. गावांची इंग्रजी अक्षरं कारकुनाच्या कानावर अवलंबून: ‘व’ला कधी व्ही तर कधी डब्ल्यू, आणि ‘श’चा ‘स’ सहज होतो. म्हणून नाव पूर्ण न लिहिता मधली चार-पाच अक्षरं टाकून पाहा. आलेली यादी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये बापाच्या नावाने चाळली तर पडद्यावर पानं उलटत बसण्यापेक्षा लवकर काम होतं.

पलटण माहीत असेल तर तीही त्या काळच्या नावानेच शोधा. 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या. 1922 च्या फेररचनेनंतर त्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या. 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची आहे.

नोंद सापडली तरी कबर सापडेलच असं नाही. हिंदू शिपायांना दहन दिलं जाई, त्यामुळे त्यांची नावं स्मारकावर असतात. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी जवान आणि मजूर आहेत. बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट मात्र जिव्हारी लागते. तिथे 40 हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. मेसोपोटेमियातल्या कुत शहराचा वेढा फोडायला गेलेल्या ब्रिटिश 13 व्या डिव्हिजनमध्ये वेल्सच्या पलटणी होत्या. बेपत्ता राहिलेल्या त्या साध्या सैनिकांची नावं दगडात कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा कोरला, नावं फक्त अधिकाऱ्यांची. आफ्रिका आणि आशियातल्या सैनिकांच्या बाबतीत असा भेदभाव झाल्याचं कमिशनने 2021 च्या अहवालात स्वतः मान्य केलं आहे. संकेतस्थळावर बसऱ्याचे शिपाई नावानिशी मिळतात. तेव्हा स्मारकाच्या छायाचित्रात नाव दिसलं नाही म्हणून शोध सोडू नका. शिवाय ते स्मारक 1997 मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं आहे. जुन्या नकाशावर ते चुकीच्या ठिकाणी दिसतं.

नोंद अजिबात नसण्याची दोन कारणं नेहमी आढळतात. पहिलं तारखेचं: 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947, एवढ्याच काळातले मृत्यू इथे आहेत. या काळात नोकरीत असताना पटकी-हिवतापाने गेलेलाही यात धरतात, आणि खेचरवाला, मजूर, डोलीवाला हेही. दुसरं कारण म्हणजे माणूस नाव कापून घरी आल्यावर वारला. मग मृत्यू नोकरीतल्या जखमेने किंवा आजाराने झाला हे कागदाने दाखवावं लागतं.

चुकीची किंवा राहिलेली नोंद कमिशनला कळवता येते, पण ऐकीव माहितीवर काम होत नाही. बिल्ल्याच्या कडेचे चारही बाजूंनी फोटो, वारस नोंदीची प्रमाणित नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर, पेन्शनचा कागद असेल तर तोही जोडा. पलटणीबद्दल शंका उरली तर मराठा पलटणींसाठी बेळगाव आणि महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, या केंद्रांना नंबर लिहून पत्र पाठवा. दुसऱ्या युद्धातल्या माणसासाठी त्याआधी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळांकडे यानंतरच वळा. नंबर आणि गाव हाती नसताना तिथेही तुमचा तुकाराम दुसऱ्या शेकडो तुकारामांत मिसळून जाईल.